न वाजलेला बार

नेम चुकला की शर्टाचे शेपूट कापायचे, हा त्या शिकारघराचा कायदा होता. तो कुणी केला हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि मोडावा असेही कधी कुणाच्या मनात आले नव्हते. संध्याकाळी सगळे टेकडीवरून उतरले, बुटांवरचा बर्फ झटकून शेगडीभोवती बसले, की ज्याने बार काढला आणि हरीण मात्र आणले नाही त्याने निमूटपणे उठून पाठ करायची. मग ओर्विल खिळ्यावरची कात्री काढून त्याच्या शर्टाची मागची पट्टी वीतभर कापायचा, तिच्यावर नाव आणि साल लिहायचा आणि ती भिंतीवर ठोकायचा. चौकटीचे, पट्ट्यांचे, विटलेले, उंदरांनी कुरतडलेले असे कितीतरी तुकडे त्या भिंतीवर होते. त्यांतले अगदी अलीकडचे चार, ओळीने, मर्लचे होते.

मर्लला त्याचे फारसे काही वाटत नसे. लाकूड कापायच्या गिरणीत उभी हयात गेलेला माणूस तो, थट्टेने त्याचे काय झिजणार? शिवाय दर वर्षी घरी गेल्यावर एडना तो कापलेला शर्ट उलटसुलट करून बघायची, "यंदा पण पाहुणचार झाला वाटतं," म्हणायची आणि मुद्दाम भलत्याच रंगाचे ठिगळ लावून द्यायची. गेल्या वसंतात एडना गेली. जाण्याआधी तिने त्याच्यासाठी एक शर्ट शिवला होता, तांबड्या-काळ्या चौकटीचा, जाड लोकरीचा, आणि त्याची बटणे लावता लावताच तिने अंथरूण धरले होते. यंदा नाताळाच्या दुसऱ्या दिवशी चकमकीच्या बंदुकांचा हंगाम सुरू झाला तेव्हा मर्लने हट्टाने तोच शर्ट घातला. तो कापला गेला तर ठिगळ लावायला आता कुणी नव्हते. म्हणून त्याने मनाशी ठरवले होते की खात्री असल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही.

त्या बंदुकीने खात्री देणे हेच मुळात अवघड. ठासणीची ती लांब बंदूक त्याच्या बापाची होती. नळीत दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने खाली ठासायची, बाहेरच्या पेल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे आधी पेट घेणारी बारीक दारू, घालायची, आणि मग दिवसभर बर्फात उभे राहून ती रंजक ओली होऊ नये म्हणून तान्ह्या पोरासारखे तिला सांभाळायचे. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, रंजक पेटते, आणि तिथून आग आत पोचून बार उडेपर्यंत एक श्वास जातो. त्या श्वासात नेम हलवायचा नाही. बापाने मर्लला तीनच गोष्टी शिकवल्या होत्या. ही पहिली. आभाळाला टेकलेल्या हरणावर कधी बार टाकायचा नाही, कारण त्याच्या पलीकडे काय आहे ते डोंगराला माहीत असते, आपल्याला नाही, ही दुसरी. तिसरी शिकवणीपेक्षा लढाईवरून आणलेली आठवणच जास्त होती. बाप म्हणायचा, "गोळी आवाजाच्या आधी पोचते. ज्याला आवाज ऐकू आला, तो वाचला."

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी मर्लने झाडीतून सरकणारी हरणे दोनदा सोडून दिली. मध्ये खोडे होती, फांद्या होत्या आणि पाठीवर एडनाचा शर्ट होता. दुपार कलल्यावर तो उताराच्या मध्यावर एका पडलेल्या ओंडक्याआड बसला असताना वर टेकडीच्या धारेवर एक हरणी येऊन उभी राहिली. आडवी, एकटी, मागे नुसते राखाडी आभाळ, पुढे एक काडीसुद्धा नाही. आंधळ्याचाही नेम चुकला नसता. मर्लला बापाचे शब्द आठवले नाहीत असे नाही. ते आठवले, आणि बंदूक तरीही खांद्याला लागली.

गारगोटी आपटली. रंजक भक्कन पेटली, पांढरा धूर त्याच्या डोळ्यांवरून गेला. आणि पुढे काहीच झाले नाही.

तो हलला नाही. असे कधीकधी होते, आग आत रेंगाळते आणि बेसावध माणसाच्या हातात बार उडतो. त्याने नेम तसाच धरून ठेवला. हरणी पळायला हवी होती, तीही पळाली नाही, त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे दंड थरथरू लागले, डोळ्यांतून पाणी आले, तरी दोघेही जागचे हलेनात. शेवटी हरणीनेच कान झटकला आणि ती घाई न करता पलीकडच्या उताराला उतरून गेली. मर्लने बराच वेळ थांबून गज काढला आणि नळीत सोडला. बंदूक भरलेली असली की गज जिथे थांबतो तिथे त्यावर एक खूण होती. गज त्या खुणेवर थांबला नाही. तो सरळ तळाला गेला आणि लोखंडावर टणकन वाजला.

"बंदुकीत दारू घालायची असते, मर्ल," त्या संध्याकाळी क्लेटन म्हणाला. क्लेटन त्याचा शेजारी, तोंडाने फटकळ, नेम मात्र बरा. "नुसत्या कौतुकानं चालत नाही ती."

"भरली होती मी. सकाळी, तुझ्या डोळ्यांदेखत."

"मग गोळी काय चालत गेली?"

सगळे हसले. मर्लही हसला, पण हात मांडीवर कसे ठेवावेत ते त्याला कळेना. त्या हातांना सकाळचे सगळे आठवत होते. दारूचे माप, चिंधीचा ओशटपणा, गजाखाली गोळी बसताना लागलेला शेवटचा घट्टपणा.

"चाप ओढला, हरीण नाही. कायदा तो कायदा," क्लेटन म्हणाला. "ऊठ, पाठ कर."

ओर्विलने कात्री काढली. ओर्विल त्या घराचा कारभारी आणि एडनाचा थोरला भाऊ. त्याने तांबड्या-काळ्या चौकटी ओळखल्या असाव्यात. कात्री हातात धरून तो नुसताच उभा राहिला.

"आवाज कुणी ऐकला का रे?" त्याने विचारले.

कुणीच ऐकला नव्हता. त्या शांत दुपारी दोन खोऱ्यांपलीकडचा बारही ऐकू आला असता.

"वाजलाच नाही, तर चुकला असं कसं म्हणायचं?" ओर्विल म्हणाला. "गोळी कुठं पोचली ते कळू दे. मग बघू." आणि त्याने कात्री पुन्हा खिळ्याला अडकवली. शर्ट वाचला म्हणून मर्लला हायसे वाटायला हवे होते. तसे काही वाटले नाही. उलट कुणीतरी हिशेब अर्ध्यावर सोडून उठून गेल्यासारखे त्याला झाले.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी तो ओंडक्यापाशी गेला तेव्हा समोर थोड्या अंतरावर, नव्या बर्फाच्या वर, त्याची चिंधी पडलेली होती. निळ्या पट्ट्यांची, एडनाच्या जुन्या उशीच्या अभ्र्यातून फाडलेली, मधोमध गोळीच्या आकाराची काळी जळकी खूण असलेली. बार उडाला की चिंधी अशीच गळून पडते, त्यात नवल नव्हते. त्याने ती उचलली. ती ऊबदार होती.

तिथून पुढे तो खालमानेने नाही, खांद्याच्या उंचीवर बघत चढत गेला. धारेवर, हरणी उभी होती त्या जागेच्या जरा बाजूला, बीचच्या झाडाची करंगळीएवढी फांदी सुरीने छाटावी तशी तुटलेली होती आणि तिच्या टोकाला ओल होती. मर्ल तिथेच एका हेमलॉकच्या झाडाला टेकून बसला. त्याने डबा काढून पावाचे दोन घास खाल्ले आणि स्वतःची समजूत घातली. गोळी उडाली होती, आवाज वाऱ्याने खाल्ला असेल, हरणी वाचली, चुकला नेम, आणखी काय? गज रिकामा गेला त्याचाही उलगडा झाला. त्या दिवशी तो बऱ्यापैकी हलक्या मनाने खाली आला.

दुसऱ्या दिवशी त्याच हेमलॉकच्या सालीवर, काल जिथे त्याने डोके टेकले होते बरोबर तिथे, एक ओली पांढरी खाच पडलेली होती.

मर्लने टोपी काढून घाम पुसला. एवढ्या थंडीत त्याला घाम आला होता. खाच आरपार नव्हती, गोळी सालीला घासून पुढे गेली होती. पुढे म्हणजे पलीकडच्या उताराला. तो उतरत गेला, एकेक खोड चाचपत गेला. कुठेच काही नव्हते. पण त्यानंतरच्या दिवशी तिथेच, खाली, एका कोवळ्या मेपलचा शेंडा उडालेला त्याला मिळाला. लाकडाचा भुसा अजून बर्फावर पडलेला होता, एक कणही वाऱ्याने हलला नव्हता. गोळी गेली नव्हती. गोळी जात होती.

त्याने खिशातली दोरी काढली, हेमलॉकच्या खाचेपासून मेपलच्या शेंड्यापर्यंत ताणून बांधली आणि तिच्यामागे उभा राहून एक डोळा मिटला. दोरी खोऱ्यात उतरत होती. कुरण, कुंपण, सफरचंदाचे झाड, आणि त्याच्यामागे छोटे पांढरे घर. धुराड्यातून धूर निघत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणीतरी बसलेले होते. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तो दिसायची गरज नव्हती. ते घर त्याच्या मुलीचे होते. आर्लीन सगळी निवडटिपण त्याच खिडकीशी बसून करायची, आईसारखी. एडना गेल्यावर मर्लला या जगात आपले म्हणावे असे तेवढे एकच माणूस उरले होते.

तो तडक शिकारघरात आला. क्लेटन आणि बाकीचे अजून रानात होते. ओर्विल एकटाच शेगडीपाशी मोजे वाळवत होता. मर्लने त्याला सगळे सांगितले. सांगता सांगता त्याच्या लक्षात आले की दुसऱ्या कुणी हेच सांगितले असते तर त्याने त्याला गरम कॉफी पाजून झोपवले असते.

"कुणाच्या तरी गोळीचे ओरखडे असतील," ओर्विल म्हणाला. "हंगाम आहे. पोरं काय, कुठंही बार टाकतात."

"माझ्या डोक्यामागं? ओलं?"

ओर्विलने हातातला मोजा खाली ठेवला.

मर्लने कोट काढला. खिळ्यावरची कात्री काढून ओर्विलच्या हातात दिली, पाठ केली आणि स्वतःच शर्ट विजारीतून बाहेर ओढला. "कापा," तो म्हणाला. "लिहा माझं नाव. मर्ल चुकला म्हणून लिहा. भिंतीवर ठोकलं की मिटलं. आजवर इथं ठोकलेला एक तरी बार परत आलाय का?"

"एडनानं शिवलाय तो."

"म्हणून तर म्हणतो, कापा. मी पाया पडतो तुमच्या."

मागे शर्ट ताणला गेल्याचे त्याला कळले. कात्रीचे थंड पाते पाठीला लागले, आणि मग बराच वेळ काही झाले नाही. मर्लने डोळे गच्च मिटले होते. आयुष्यात त्याने कुणाकडे इतक्या काकुळतीने काही मागितले नव्हते, एडनासाठी डॉक्टरांकडेसुद्धा नाही.

"हात धजत नाही माझा," ओर्विल शेवटी म्हणाला. "शर्टासाठी नाही रे. चुकलेल्याचं कापतात, मर्ल. खरं सांग, तू चुकला होतास का?"

मर्लला ती हरणी दिसली. आडवी, एकटी, मागे आभाळ. त्याने शर्ट पुन्हा विजारीत खोचला.

नववर्षाच्या दिवशी सकाळी तो कुरणातून आर्लीनच्या घराकडे गेला. कुंपणाच्या खांबावर ओरखडा होता. मर्ल त्याची वाटच बघत होता. तिथून खिडकी समोरच होती. काल ताणलेल्या दोरीच्या हिशेबाने ओरखडा जरा चुकीच्या जागी होता, वीतभर डावीकडे, धुराड्याच्या अंगाला. वारा असेल, तो मनात म्हणाला. त्याच्याकडे अशा गोष्टींना वेळ नव्हता.

"या, मुहूर्तावर आलात," आर्लीनने दार उघडले. घरभर डुकराच्या मटणाचा आणि आंबवलेल्या कोबीचा वास होता. "ओर्विलमामाचा फोन आला होता. म्हणाला, बाबाला जेवू घाल आणि झोपव. काय झालंय?"

"तू इथून चल. आत्ता. मावशीकडं जा चार दिवस."

"कशानं जाऊ? तुमचा जावई जीन गाडी घेऊन गेलाय, संध्याकाळी येईल. रस्त्यावर नुसती काच झालीये बर्फाची." तिने त्याचा कोट काढून घेतला, जसा लहान मुलाचा काढतात. "तुम्ही किती दिवस झोपला नाहीत?"

"आर्लीन, ऐक माझं."

"ऐकते. बसा आधी."

ती खिडकीशी आपल्या खुर्चीकडे निघाली. बटाट्यांचे भांडे तिथेच होते. मर्लने पुढे होऊन तिचा दंड धरला, जरा जोरानेच धरला असावा, कारण ती थबकून त्याच्याकडे बघू लागली.

"तिथं मी बसतो," तो म्हणाला. "तू नको. तू चुलीकडं जा. तिकडंच थांब, माझ्या मागं. खिडकीत यायचं नाही. एवढं एक ऐक, पुन्हा काही मागणार नाही मी."

तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. तिला त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता, पण बाप रडवेला झाला आहे हे दिसले होते. "बरं," ती हळू आवाजात म्हणाली. "नाही येत. बटाटे मात्र सोला मग. फुकट खुर्ची अडवायची नाही."

मर्ल खिडकीशी बसला. छाती काचेसमोर येईल अशी त्याने खुर्ची सरळ केली आणि सुरी हातात घेतली. बाहेर कुरण, कुंपण, वरती झाडी आणि तिच्याही वर टेकडीची धार. जे येणार ते इथून येणार होते आणि मध्ये तो होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या मनाला स्वस्थता आली. एडनाच्या शर्टाचे वरचे बटण त्याने लावून घेतले. त्याला मरायचे भय वाटत नव्हते. वेळेवर पोचलो, एवढेच वाटत होते.

मागे, धुराड्याच्या भिंतीशी, आर्लीनने कोबी ढवळून झाकण ठेवले. "आई म्हणायची आठवतं? नववर्षाला कोंबडी खायची नाही. कोंबडी मागं उकरते, डुक्कर पुढं मुसंडी मारतं. डुक्कर खाल्लं की वर्ष पुढं जातं."

"आठवतं."

"मागच्या वर्षी तिनंच केलं होतं. मीठ जास्त पडलं आणि तुम्ही बोलला नाहीत. दोनदा वाढून घेतलंत. ती नंतर मला म्हणाली, बघ, तुझ्या बापाला एक तर चव नाही नाहीतर..."

धारेवर हरणी येऊन उभी राहिली होती. आडवी, एकटी, मागे राखाडी आभाळ. ती खाली घराकडे बघत होती.

आणि बार वाजला.

भरघोस, गोल, काळ्या दारूचा जडशीळ आवाज. धारेवरून निघून तो खोऱ्यात आदळला, समोरच्या टेकडीवर आपटून परत फिरला आणि लांब कुठेतरी विरून गेला. इतके दिवस ज्याची वाट बघून मर्लचा खांदा आखडला होता तोच तो आवाज होता. हरणीने कान झटकला. मर्लने काचेकडे बघितले. काच शाबूत होती. त्याने छातीवरून हात फिरवला. बटणे जागच्या जागी होती, लोकर कोरडी होती. ज्याला आवाज ऐकू आला, तो वाचला. त्याला हसू आले, बटाटा हातातून घरंगळला.

"ऐकलास?" तो म्हणाला. त्याने मान वळवली नव्हती. "आर्लीन, ऐकलास ना तू?"

मागे कोबीचे पाणी उतू गेले. तापल्या लोखंडावर ते चरचरत राहिले आणि करपल्याचा आंबट वास खोलीभर पसरला. मर्ल टेकडीकडे बघत बसून राहिला. पातेल्यावरचे झाकण थडथडत होते. ते कुणी उचलले नाही.